द्विचक्रीवीर मेजर टेलर

विद्यार्थिमित्रहो, आपल्या उकव्यात सायकल ही काही नवलाईची वस्तू नाही. खाणीत पाळीवर जाणारा कामगार, बाजाराला निघालेला शेतकरी आणि दप्तर सांभाळीत शाळेची घंटा गाठू पाहणारा विद्यार्थी, या सर्वांचे ते साधेसुधे वाहन आहे. आपल्या भूमीतून निघणारे मॅंगनीज पोलादाच्या कारखान्यांत जाते, आणि पोलादाच्याच नळ्यांतून सायकलीचा सांगाडा घडतो. तेव्हा सायकलीशी आपले नाते तसे जवळचेच म्हटले पाहिजे. समोरून वारा सुटला असता एखाद्या धिप्पाड माणसाच्या मागोमाग सायकल ठेवली, की आपले पाय एकदम हलके होतात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. आज आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत, तो आपल्या काळातील सर्वांत वेगवान सायकलस्वार होता. परंतु वारा अडविण्यासाठी दुसऱ्याच्या पाठीचा आसरा घेणे त्याला सहसा सुखाचे झाले नाही. शर्यतीतही नाही आणि जीवनातही नाही. त्याचे नाव मार्शल वॉल्टर टेलर. जग त्याला 'मेजर' टेलर या नावाने ओळखते.

मार्शलचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस या शहरी झाला. त्याचे कुटुंब कृष्णवर्णीय. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन त्या वेळी उणीपुरी तेरा वर्षे झाली होती. त्याचे वडील गिल्बर्ट टेलर यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले होते, आणि पुढे एका धनिक गोऱ्या कुटुंबाच्या घोडागाडीवर सारथ्य करून ते आपला मोठा संसार चालवीत. त्या धनिकाचा मुलगा मार्शलच्याच वयाचा होता. दोघांची गट्टी जमली आणि मार्शल काही वर्षे त्या घरी त्याचा सवंगडी म्हणून राहिला. तेथे त्याला चांगले कपडे मिळाले, घरच्या शिक्षकाकडून विद्या मिळाली आणि सायकलही मिळाली. मात्र शहरातील तरुणांसाठी असलेल्या व्यायामशाळेत सवंगडी आत खेळत असता मार्शलला सज्जातून नुसते पाहत बसावे लागे. कारण तेथे कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता. आपल्यात आणि सवंगड्यात काय भेद आहे, हे त्या बालकास त्या सज्जाने शिकविले.

पुढे ते कुटुंब शिकागोस गेले आणि मार्शल आपल्या घरी परतला. घरी गरिबी होती. सायकलीवरून वर्तमानपत्रे टाकून तो चार पैसे मिळवू लागला आणि फावल्या वेळात सायकलीवरच्या कसरती शिकला. त्या काळी सायकलीचे मोठेच वेड पसरले होते. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे इवलेसे अशी जुनी धोक्याची सायकल मागे पडून दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल १८८५ च्या सुमारास बाजारात आली होती, आणि १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेली रबरी धाव केल्यापासून सायकलीला जणू पंखच फुटले होते. मार्शलची कसरत पाहून हे अँड विलिट्स या सायकलीच्या दुकानाने त्याला नोकरीस ठेवले. दुकान झाडावे, पुसावे आणि दुपारी लष्करी पोशाख घालून दारासमोर कसरती करून दाखवाव्यात, असे ते काम होते. त्या लष्करी पोशाखामुळे लोक त्याला गमतीने 'मेजर' म्हणू लागले, आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटले.

त्याची पहिली शर्यत अशीच गमतीने घडून आली. इंडियानापोलिसच्या रस्त्यावर दहा मैलांची शर्यत होती. प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून दुकानाच्या मालकाने या पोराला आरंभरेषेवर उभे केले. नवख्यांना पुढे सोडण्याची तेव्हा रीत होती. त्याप्रमाणे त्यालाही पंधरा मिनिटांची सवलत मिळाली. थोडे अंतर जाऊन तो परत फिरेल, अशी सर्वांची कल्पना होती. पोरगा परत फिरला नाही. मागून नामांकित सायकलस्वार येत होते आणि अंतर क्षणोक्षणी कमी होत होते. परंतु काही सेकंदांच्या फरकाने का होईना, अंतिम रेषा त्यानेच प्रथम ओलांडली आणि तेथेच तो अंग टाकून कोसळला. गमत करावयास निघालेल्यांच्या हातून सुवर्णपदक एका मोलकरी मुलाच्या गळ्यात पडले.

या मुलाचे मोल ओळखणारा एक पारखी लवकरच भेटला. लुई मंगर हे स्वतः जुने शर्यतपटू आणि सायकलींचे कारखानदार होते, वर्णाने गोरे. त्यांनी मार्शलला आपल्याकडे ठेवून घेतले आणि शर्यतीचे शिक्षण दिले. त्यांचे हे करणे त्यांच्या धंद्यातील काही जणांस रुचले नाही. तेव्हा १८९५ साली मंगर आपला व्यवसाय घेऊन मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर या गावी गेले आणि मार्शललाही त्यांनी बरोबर नेले. पुढल्या वर्षी इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर त्याने एका मैलाचा तेथील विक्रम अनधिकृतपणे मोडून दाखविला. त्याचे बक्षीस काय मिळाले म्हणाल, तर त्या धावपट्टीवर त्याला पुन्हा येण्यास मनाई झाली! वूस्टरने मात्र त्याला आपले म्हटले. तेथील व्यायामशाळेचे दार त्याच्यासाठी उघडे होते. गावातील जॉर्ज स्ट्रीट नावाचा उभा चढ तो सरावासाठी पुनःपुन्हा चढून जाई. घाटाच्या रस्त्यावर सायकल हाणणाऱ्या आपल्याकडील मुलांना त्या सरावाची कल्पना सहज करता येईल.

टेलर यांचा खरा पराक्रम समजण्यासाठी येथे थोडे शास्त्र पाहणे अवश्य आहे. सपाट जागी जोराने सायकल चालविणाऱ्याचा मुख्य शत्रू म्हणजे हवा. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध सुमारे चौपट होतो, आणि त्या विरोधाला तोंड देण्यास लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. पुढच्या स्वाराच्या पाठीशी चिकटून जाणाऱ्याचे श्रम यामुळेच पुष्कळ वाचतात. म्हणून लहान पल्ल्याच्या शर्यतीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागे राहून बळ राखतो आणि अखेरच्या काही शे हातांत विजेसारखी झेप घेतो. आज युरोपातील रस्त्यांवरच्या लांब शर्यतींतही हाच प्रकार चालतो. एका संघाचे गडी आपल्यातील वेगवान स्वारास पाठीशी घालून, वारा आपल्या छातीवर घेऊन, अंतिम रेषेजवळ आणून सोडतात, आणि तो अखेरची झेप घेऊन संघाला यश देतो. म्हणजे वेगवान स्वाराचा विजय हा बहुधा त्याच्या सोबत्यांचाही विजय असतो. टेलर यांना असे सोबती नव्हते. उलट अनेकदा गोरे स्पर्धक आपसांत संगनमत करून त्यांना मध्ये कोंडीत. एक पुढे, एक बाजूला, एक मागे. मग कितीही बळ असले तरी झेप घेणार कोठून? या कोंडीतून सुटण्याचे दोनच मार्ग होते. हातभर फट दिसताच तीतून निसटावयाचे, नाही तर आरंभापासूनच पुढे राहून सगळा वारा एकट्याने सोसावयाचा. टेलर या दोन्ही मार्गांत प्रवीण झाले.

डिसेंबर १८९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या क्रीडागृहात त्यांनी धंदेवाईक शर्यतपटू म्हणून पाऊल टाकले. अर्ध्या मैलाच्या सवलतीच्या शर्यतीत नामांकितांना मागे टाकून त्यांनी पहिले बक्षीस मिळविले. लगेच तेथेच सहा दिवस चालणारी अघोरी शर्यत झाली. अल्पशी झोप घेऊन रात्रंदिवस चाके फिरवीत राहावयाचे, असे तिचे स्वरूप. लहान पल्ल्याच्या या गड्याने तीतही १,७३२ मैल, म्हणजे सुमारे २,७८७ किलोमीटर अंतर कापले आणि आठवा क्रमांक मिळविला.

परंतु विजयाबरोबर वैरही वाढू लागले. अमेरिकेतील सायकलस्वारांच्या प्रमुख संघटनेने १८९४ सालीच कृष्णवर्णीयांस सभासदत्व बंद केले होते; तो नियम औपचारिकरीत्या रद्द होण्यास १९९९ साल उजाडावे लागले. शर्यतीत भाग घेण्याचा परवाना टेलर यांना होता, परंतु दक्षिणेकडील शर्यतींचे चालक त्यांचे नाव घेण्यास नकार देत. त्या शर्यतींचे गुण न मिळाल्यामुळे १८९७ सालच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाची संधी त्यांच्या हातून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात टॉंटन येथे शर्यत संपताच एका स्पर्धकाने त्यांना सायकलीवरून खाली खेचले आणि ते बेशुद्ध होईपर्यंत त्यांचा गळा आवळला. त्या अपराध्यास शिक्षा झाली ती केवळ ५० डॉलर दंडाची. टेलर यांनी हात उगारला नाही. शुद्धीवर आले, बरे झाले आणि पुन्हा आरंभरेषेवर जाऊन उभे राहिले. भित्रेपणामुळे ते गप्प राहिले, असे समजू नये. आपण एक ठोसा मारला तर शंभर जण त्याचे निमित्त करून आपल्याला, आणि आपल्या मागून येणाऱ्या प्रत्येक कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानाबाहेर घालवतील, हे ओळखण्याइतके ते चतुर होते.

१० ऑगस्ट १८९९ हा त्यांच्या आयुष्यातील सुवर्णदिन. कॅनडातील मॉंट्रियल येथे जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती भरल्या होत्या. तेथे एक मैलाची धंदेवाईक स्वारांची शर्यत जिंकून टेलर जगज्जेते झाले. जागतिक अजिंक्यपद मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे कॅनडाचे मुष्टियोद्धे जॉर्ज डिक्सन. त्यांच्यानंतर हा मान टेलर यांचा. त्या वर्षी काही नावाजलेले अमेरिकन स्वार दुसऱ्या संघटनेत गेल्यामुळे मॉंट्रियलला नव्हते. टीकाकारांनी अर्थातच त्यावर बोट ठेवले. त्यांना उत्तर मिळाले ते पुढल्या वर्षी. १९०० साली टेलर यांनी त्याच नावाजलेल्या स्वारांशी झुंजून अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले.

मॉंट्रियलच्या विजयानंतर थोड्याच महिन्यांनी, १८९९ च्या नोव्हेंबरात, त्यांनी शिकागो येथे वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या वाहनामागे सायकल हाकून एक मैल अंतर १ मिनिट १९ सेकंदांत कापले. हा वेग ताशी सुमारे ७३ किलोमीटर पडतो. वारा अडविण्यास कोणी पुढे असले तर हा पुरुष काय करू शकतो, हे त्या दिवशी जगाला दिसले. ती पाठ एका यंत्राची होती, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. या यशानंतर त्यांनी वूस्टरमध्ये चांगल्या वस्तीत घर घेतले. तेव्हा शेजारी अस्वस्थ झाले आणि त्यांनी ते घर अधिक किंमत देऊन परत विकत घेण्याची तयारी दाखविली. टेलर यांनी घर सोडले नाही.

युरोपातून त्यांना मोठ्या रकमांची बोलावणी येऊ लागली. परंतु अडचण होती ती रविवारची. फ्रान्समधील मोठ्या शर्यती रविवारी होत, आणि टेलर हे आईच्या शिकवणुकीप्रमाणे श्रद्धाळू ख्रिस्ती. रविवारी शर्यत करावयाची नाही, हा त्यांचा नेम. हजारो डॉलर समोर असताना त्यांनी नकार दिला. अखेर चालकांनीच माघार घेतली, आणि इतर वारी शर्यती ठेवण्याच्या करारावर १९०१ साली ते युरोपात गेले. तेथे त्यांचे स्वागत राजपुत्रासारखे झाले. फ्रान्सचे एदमों जाकलँ हे १९०० सालचे जगज्जेते. त्या दोघांचा सामना पॅरिसच्या पार्क दे प्रँस धावपट्टीवर ठरला. १६ मे रोजी, थंडीच्या दिवशी, जाकलँ जिंकले आणि विजयाच्या भरात त्यांनी नाकाला अंगठा लावून टेलर यांना वाकुल्या दाखविल्या. २७ मे रोजी पुन्हा सामना झाला आणि टेलर यांनी जाकलँ यांना सरळसरळ हरविले. वाकुल्यांना त्यांनी वाकुल्यांनी उत्तर दिले नाही. त्यांनी आपल्या देशाचा रेशमी ध्वज हाती घेऊन मैदानाला फेरी घातली. ज्या देशात त्यांना धड जेवणाची जागाही मिळत नसे, त्याच देशाचा तो ध्वज!

येथे आम्हांस आपल्याकडील एका पुरुषाचे स्मरण होते. टेलर यांच्याच पिढीत, १८७६ साली, धारवाडला पळवणकर बाळू यांचा जन्म झाला. चांभार कुटुंबातील या तरुणाने पुण्यास इंग्रजांच्या क्लबात मैदानाची चाकरी करता करता गोलंदाजीची कला कमावली. हिंदू संघास त्यांची गोलंदाजी हवी होती, म्हणून मैदानावर सारे त्यांच्या हातचा चेंडू घेत. परंतु चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर गडी बाद केले. एवढे होऊनही संघनायकपदाचा मान त्यांना मिळाला नाही. तो पुढे त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला. समुद्राच्या अलीकडे जात आणि पलीकडे वर्ण; रोग एकच. परकीयांच्या दोषाची कथा वाचताना आपल्या अंगणाकडेही पाहावे, म्हणून हे येथे सांगितले.

१९०२ साली टेलर यांचा डेझी मॉरिस यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर ते दोनदा ऑस्ट्रेलियात गेले. तेथेच १९०४ च्या मे महिन्यात, सिडनी शहरी, त्यांच्या कन्येचा जन्म झाला, आणि त्या शहराची आठवण म्हणून तिच्या नावात सिडनी हा शब्द गुंफला गेला. परंतु दुसऱ्या फेरीत अमेरिकेचे जुने स्पर्धकही तेथे येऊन पोहोचले आणि कोंडीचे ते जुने खेळ पुन्हा सुरू झाले. एका शर्यतीत दुसऱ्या स्वाराच्या धडकेने ते जबर जखमी झाले. त्या स्वारावर बंदी घालण्यात आली. मायदेशी परतल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत पत्नी आणि तान्ह्या मुलीसह जेवणाखाण्यासाठी त्यांना दारोदार फिरावे लागले. जो पुरुष टॉंटनला गळा आवळला असता मोडला नाही, तो या वेळी आतून मोडला. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी शर्यतीचे नाव घेतले नाही.

१९०७ साली ते पुन्हा युरोपात गेले. काही सामने त्यांनी जिंकले. परंतु वय वाढले होते आणि पायांत पूर्वीची वीज राहिली नव्हती. शेवटी शेवटी त्यांचा रविवारचा नेमही सुटला. थोरांच्या चरित्रातील असे प्रसंग झाकून ठेवण्याची रीत आहे. आम्हांस ती पसंत नाही. संसाराची ओढाताण माणसाला कोठवर नमविते, हे यावरून कळते. १९१० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी शर्यतीस रामराम ठोकला.

पुढचा काळ दुःखाचा आहे. त्यांनी वूस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मागितला. परंतु माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र नसल्यामुळे तो मिळाला नाही. मोटारीच्या चाकांचा कारखाना काढला, तो बुडाला. इतर उद्योगांतही पैसा गेला, प्रकृती ढासळली आणि ते घरही विकावे लागले. उमेदीची काही वर्षे खर्चून त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले, १९२८ साली ते स्वखर्चाने छापले आणि दारोदार जाऊन विकले. त्या ग्रंथात अन्यायाची हकीकत आहे, परंतु सूडाची भाषा नाही. पत्नीपासून ताटातूट झाल्यावर ते शिकागोस गेले. तेथे २१ जून १९३२ रोजी, सार्वजनिक रुग्णालयाच्या धर्मार्थ विभागात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. देह ताब्यात घेण्यास कोणी आले नाही. माउंट ग्लेनवुड दफनभूमीत, अनाथांच्या ओळीत, नावाचा दगडही न लावता त्यांना पुरण्यात आले. ज्याच्या नावाने मैदाने भरत, त्याच्या थडग्यावर नाव नव्हते.

सोळा वर्षे अशी गेली. मग १९४८ साली काही वृद्ध माजी शर्यतपटू एकत्र आले, सायकलींचे कारखानदार फ्रँक श्विन यांनी पैसा पुरविला, आणि त्यांनी टेलर यांचे अवशेष तेथून काढून त्याच भूमीत मानाच्या जागी ठेवले, वर नावाचा पट बसविला. ज्या धंद्यातील लोकांनी कोंडी केली, त्याच धंद्यातील लोकांनी पुढे हे कर्ज फेडले. ते उशिरा फेडले. पण फेडले, हेही लिहून ठेवले पाहिजे. १९८२ साली इंडियानापोलिसमध्ये, ज्या गावाने त्यांना धावपट्टी बंद केली होती त्याच गावात, त्यांच्या नावाची धावपट्टी उभी राहिली. २००८ साली वूस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयापाशी त्यांचा पुतळा बसला. तेथील जॉर्ज स्ट्रीटच्या चढावर त्यांच्या स्मरणार्थ आजही सायकलस्वार शर्यत लावतात.

मित्रहो, टेलर यांच्या पायांतील वेग आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्यास येईल. परंतु शाळेच्या मैदानावर, वर्गात किंवा गावात ज्याला सगळे मिळून कोंडीत पकडतात असा एखादा मुलगा किंवा मुलगी आपणांस नक्की दिसेल. कोणाचे आडनाव निराळे, कोणाची बोली निराळी, कोणाच्या घरी पैसा नाही. त्या वेळी आपण कोंडी करणाऱ्यांत उभे राहावयाचे, की आपली सायकल पुढे काढून त्याच्यासाठी थोडा वारा अडवावयाचा, हे ठरविणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. मंगर यांनी ते केले, म्हणून जगाला टेलर दिसले. सोळा वर्षांनी थडग्यावर पट बसविण्यापेक्षा आज वाऱ्यात सोबत करणे हे अधिक सोपे आहे, आणि अधिक उपयोगाचेही.